जमिनीपासून चार बोटं

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, पंप बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर होते. कारखान्यात त्यांना सगळे ‘सूत’ म्हणायचे, कारण कशाबद्दलही विचारा, त्यांचं उत्तर सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात असायचं. दार एक सूत घासतंय, खुर्ची दोन सूत डुलतेय. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं आणि ताईच्या कानात म्हणाले, “माणूस चांगला आहे. फक्त डावा खांदा अर्धा सूत खाली आहे.” ते खरं होतं. आजही आहे.

घरात दोघंच. ताई पुढच्या खोलीत शिलाईचं काम करायची, शाळेचे गणवेश शिवायची. मागे फरशी घातलेलं अंगण होतं आणि अंगणात भाऊजींची गाडी. गाडी जुनीच घेतलेली, पण घेतल्याबरोबर त्यांनी तिच्या मूळच्या स्प्रिंगा काढल्या, आखूड घातल्या आणि तिला खाली बसवली. मग आणखी थोडी. शेवटी ती इतकी खाली आली की तिच्या पोटाखाली माझी चार बोटं आडवी जेमतेम जायची. ताई म्हणायची, “हिच्यातून उतरायचं म्हणजे विहिरीतून वर यायचं.” भाऊजींवर काही परिणाम नाही. मला म्हणायचे, “मेहुणीबाई, गाडी रस्त्यावर बसलेली पाहिजे. उभी गाडी म्हणजे उभ्याउभ्या जेवणारा माणूस. घाई दिसते, चव दिसत नाही.”

अशी गाडी गॅरेजवाल्यांना नको असते. एकाने तिला भलत्याच जागी जॅक लावून इंजिनाच्या तेलाच्या टाकीला खोक पाडली होती. त्या दिवसापासून भाऊजींनी गाडीला परक्याचा हात लागू दिला नाही. सगळं काम घरी, अंगणात, रविवारी. आणि त्यातही त्यांची शिस्त अशी की बघणाऱ्याला कंटाळा यावा. पाच मिनिटांच्या कामासाठी अर्धा तास गाडी उचलण्यात जायचा. ताई कुरकुरली की ते म्हणायचे, “जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. हे ज्याला कळलं नाही त्याने गाडीखाली हात घालू नये.” कारखान्यात एकाचं मनगट त्यांनी डोळ्यांदेखत जाताना पाहिलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. ताईनेच मला सांगितलं होतं.

मग एका सकाळी शर्टाचं बटण लावताना त्यांचा उजवा हात बटणावरच राहिला. ताईला वाटलं, बटण तुटलंय. ती सुईदोरा घेऊन आली. तोवर ते खाली बसले होते.

अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि शब्दांची सगळी उलथापालथ झाली. बोलता येत नव्हतं असं नाही. आवाज येत होता, शब्दही येत होते, पण भलतेच. चष्मा हवा असला की “खिडकी” म्हणायचे. ताईला हाक मारायची तर “कात्री”. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला समजावलं, “कपाटातले सगळे कपडे जागेवर आहेत, कप्पे बदललेत. ते शर्ट काढायला जातात आणि हातात टॉवेल येतो.” त्यांना स्वतःला ते कळायचं. भलता शब्द तोंडातून पडला की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं दुसरंच कुणी बोललं आणि नाव त्यांच्यावर आलं.

काहीच सापडलं नाही की एक शब्द मात्र हमखास यायचा. “चहा.” भूक लागली, चहा. पाठ दुखतेय, चहा. दिवा बंद कर, चहा. पहिल्या महिन्यात ताईने त्यांना इतका चहा पाजला की शेवटी डॉक्टर रागावले.

हळूहळू ताई त्यांची भाषा शिकली. मी दर रविवारी जायचे तेव्हा ती मला नवे शब्द सांगायची. “आता उशीला पायरी म्हणतात, बरं का. आणि पायरीला काय म्हणतात ते अजून कळलेलं नाही.” आम्ही हसायचो. कधीकधी भाऊजीही हसायचे, अर्ध्या तोंडाने.

आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामाला आणि त्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे न्यावं लागायचं. गावाच्या दुसऱ्या टोकाला. भाड्याची गाडी बोलावली तर ते तिच्या दाराला डाव्या हाताने असे धरून राहिले की ताई आणि ड्रायव्हर दोघांना मिळूनही तो हात सोडवता आला नाही. त्यांना आपलीच गाडी हवी होती. ताईकडे लायसन्स होतं, सराव नव्हता. तरी ती चालवायला लागली. व्हीलचेअरवरून त्यांना त्या खोल सीटवर घसरवायचं, हे जमायचं. परत वर ओढायचं, हे मात्र दर वेळी कुणातरी येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारूनच व्हायचं.

आणि मग ब्रेक किंचाळायला लागले.

पहिल्या दिवशी भाऊजींनी मान तिरकी करून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज यायला लागला, तसे ते डाव्या हाताने दारावर थापा मारायला लागले. ताई गाडी वळणावरच्या गॅरेजात घेऊन गेली. तिथल्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं, उठला, पुन्हा वाकून पाहिलं. “बाई, माझ्या लिफ्टचे हात हिच्याखाली जाणारच नाहीत. फळ्या घालून चढवायला लागेल. पंधरा दिवसांनी या, तेव्हा सवडीने बघतो.”

पंधरा दिवस त्या ब्रेकवर गाडी चालवायची नव्हती आणि पंधरा दिवस भाऊजींना घरी ठेवायचं नव्हतं. त्यांच्या उजव्या पायात नुकताच जोर यायला लागला होता, आणि व्यायाम करवून घेणाऱ्यांनी बजावलं होतं की आत्ता खंड पडला तर आहे तेही जाईल.

मी रविवारी गेले तर ताई अंगणात भाऊजींचा जुना निळा शर्ट चढवून उभी. केस फडक्यात बांधलेले. पुढ्यात ब्रेकचे नवे गुटके, खोक्यातून काढून ओळीने मांडलेले. भाऊजी व्हीलचेअरवर, गाडीपासून चार पावलांवर.

“तू करणार?” मी विचारलं.

“हे सांगतील, मी करेन. शिवणयंत्र सगळं खोलून परत बसवते ना मी? हे काय वेगळं?”

“ताई, शिवणयंत्र अंगावर पडत नाही.”

“म्हणून तर तुला थांबवून घेतेय. बॅटरी धर, खाली उजेड पाड.”

पहिली बाजू करायला आम्हाला तीन तास लागले, पण झाली. खरं सांगते, त्या तीन तासांत मला वाटलं की या घरात काहीतरी पुन्हा सुरू झालंय. नेहमीचा जॅक गाडीखाली शिरतच नव्हता, तेव्हा भाऊजींनी भिंतीला टेकलेल्या दोन जाड फळ्यांकडे बोट केलं आणि म्हणाले, “चपला. चपला.” ताईला लगेच कळलं. तिने पुढच्या दोन्ही चाकांपुढे एकेक फळी ठेवली आणि गाडी हलकेच पुढे घेऊन त्यांवर चढवली. गाडीने खरंच चपला घातल्यासारख्या दिसत होत्या, आणि तेवढ्या दोन इंचांनी जॅकला वाट मिळाली. हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडाच्या पाचरी. चाकाचे नट गाडी उचलायच्या आधीच ढिले करायचे, हे भाऊजींनी हवेत हात फिरवून दाखवलं. ताई ते विसरून जॅकच्या दांड्याला हात घालायला लागली, तर ते इतके चिडले की तोंडातून नुसता फुत्कार आला.

गाडी वर आल्यावर तिच्या काठाखाली लोखंडी घोडी ठेवायची, जॅक अलगद उतरवून भार घोडीवर टाकायचा, मग चाक काढायचं. चाक काढल्यावर ताई ते बाजूला भिंतीशी ठेवायला निघाली.

“ताट!” भाऊजी ओरडले. “ताट ठेव! ताट!”

“ताट कशाला? जेवायला अवकाश आहे.”

“ताट!” त्यांनी डाव्या हाताचा पंजा आडवा धरला आणि खाली दाबल्यासारखा केला. दोनदा, तीनदा. डोळे भरून आले त्यांचे.

ताई हातात चाक घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, “हे आडवं ठेवू? गाडीखाली?”

भाऊजींनी खांदे खाली सोडले. तिने चाक गाडीच्या काठाखाली आडवं सरकवलं. ताटासारखं.

“कशासाठी गं?” मी विचारलं.

“कुणास ठाऊक. म्हणतायत तर ठेवू.”

नवे गुटके बसवताना मात्र ताई खुशीत होती. “हे तर ब्लाउजच्या हुकासारखंच आहे,” असं म्हणत तिने ते जागच्या जागी बसवले. भाऊजी चेहरा पुढे करून बघत होते. बसल्याचा टक असा आवाज आला, तेव्हा ते डावा अंगठा आणि तर्जनी जुळवून म्हणाले, “सूत.”

झटक्यानंतर पहिल्यांदाच बरोबर शब्द बरोबर जागी पडला होता. ताई गाडीच्या चाकाशी बसल्याबसल्या रडायला लागली, आणि रडतारडता नट आवळायला लागली.

तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला झिजलेले गुटके चालत नाहीत, गाडी एकीकडे ओढते, एवढं तर मलाही माहीत होतं. ऊन डोक्यावर आलं होतं. भाऊजींची मान थकून कलायला लागली होती. ताई म्हणाली, “आता येतं मला. ही बाजू तासात होईल.”

आणि खरंच भराभर झालं. उचलली, घोडी ठेवली, चाक काढलं, ताट ठेवलं. तेव्हा ताईच्या लक्षात आलं की घोडीचा एक पाय सैल फरशीवर आहे आणि घोडी तिरकी उभी आहे. म्हणून तिने जॅकने गाडी पुन्हा बोटभर वर घेतली, भार घोडीवरून काढला आणि घोडी सरकवायला आत हात घातला. मी तिच्या पाठीशी वाकून उजेड पाडत होते. आम्हाला दोघींनाही घोडीचा पाय दिसत होता, जॅक दिसत नव्हता.

भाऊजींना दिसत होता. जॅकला खाली चार लहान लोखंडी चाकं असतात. गाडी वर जाते तसा जॅकही जरासा पुढे सरकायला हवा. तो सरकत नव्हता. त्याचं एक चाक दोन फरशांच्या फटीत अडकलं होतं, आणि वरची वाटी गाडीखालून हळूहळू निसटत चालली होती. हे आम्हाला नंतर कळलं, फटीतला ओरखडा बघून.

“चहा,” भाऊजी म्हणाले.

“हो, करते. हे एवढं झालं की करते.”

“चहा! चहा!”

“अहो, थांबा ना जरा!” ताई आतूनच ओरडली. तिचा हात कोपरापर्यंत आत होता. “दोन मिनिटं थांबा!”

“चहा!” आता तो शब्द नव्हताच, नुसती किंकाळी होती. मी वळून पाहिलं. भाऊजी खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होते. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर रोवलेला, अर्धं शरीर वर आलेलं आणि अर्धं तिथेच राहिलेलं. त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते, ताईवर नव्हते, गाडीच्या खाली कुठेतरी होते. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. बॅटरी माझ्या हातात होती, ताईचा दुसरा दंड माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी काय केलं तर भाऊजींना म्हणाले, “पडाल, पडाल, बसा खाली!”

मागे धाडकन आवाज झाला. जॅक बंदुकीतून सुटल्यासारखा बाजूला उडाला, घोडी आडवी झाली आणि गाडी खाली आली.

पण गाडी पूर्ण खाली आली नाही. ती त्या आडव्या ठेवलेल्या चाकावर येऊन टेकली. गाडीचा काठ आणि फरशी यांच्यामध्ये एक वीत जागा राहिली, आणि त्या विताच्या आत ताईचा हात होता.

मग ताईने हात हळूच बाहेर काढला, उलटा केला, सुलटा केला, बोटं हलवली. दोन बोटांची सालं निघाली होती, घोडी पडताना घासून. बाकी काही नाही. ती त्या हाताकडे बघत राहिली, जणू तो कुणीतरी तिला सांभाळायला दिला होता.

भाऊजी खुर्चीतून खाली पडले होते. आमचं दोघींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते फरशीवर कुशीवर पडून डाव्या हाताने जमीन बडवत होते आणि म्हणत होते, “चहा, चहा, चहा.”

आम्ही दोघींनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. गाडी उचलणं सोपं होतं, तिच्यासाठी जॅक तरी होता. शेवटी मी धावत जाऊन शेजारच्या गल्लीतल्या प्लंबरला बोलावून आणलं. तो दणकट माणूस. त्याने भाऊजींना काखेत हात घालून खुर्चीवर बसवलं, मग गाडीकडे गेला. आपल्या घरचा जॅक आणला, त्याखाली जाड फळी टाकली, गाडी उचलली, घोडी नीट ठेवली, उरलेलं कामही त्यानेच पुरं केलं. जाताना म्हणाला, “बाई, नशीब म्हणायचं.”

“नशीब नाही,” ताई म्हणाली, “ताट.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “मोठी गोष्ट आहे, नंतर सांगेन.”

भाऊजींना झोपवून ताई स्वयंपाकघरात आली. बोटांना पट्टी बांधलेली. ओट्याला टेकली.

“मला थांब म्हणत होते ते,” ती म्हणाली. “हो ना?”

“हो.”

“आणि मी त्यांना थांबा म्हणत होते.”

इतकी वर्षं शाळेत पोरांना भाषा शिकवतेय. त्या ‘चहा’चा अर्थ मलाही कळला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने शिट्टी आणली, खेळ शिकवणाऱ्या मास्तरांच्या गळ्यात असते तशी. भाऊजींच्या गळ्यात घातली. म्हणाली, “आता शब्द शोधायचा नाही. काही झालं की फुंकायचं.” त्यांनी फुंकली. ओठांची उजवी बाजू मिटत नव्हती. हवा सगळी तिकडून गेली, शिट्टीत काहीच शिरलं नाही. ते पुन्हा फुंकायला लागले, लाळ गळायला लागली, चेहरा लालबुंद झाला. ताईने ती त्यांच्या गळ्यातून काढून घेतली. मग टेबलावरची घंटी आणली. ती ते दिवसभर वाजवायचे, कारण असो नसो, आणि दोन दिवसांनी त्यांनी ती भिरकावून दिली. ताईने पुन्हा आणून ठेवली नाही.

ब्रेक मात्र उत्तम लागत होते. व्यायामाला खंड पडला नाही. पण ताईने मनाशी एक ठरवलं होतं. तिने माळ्यावरून गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा काढल्या. भाऊजींनी त्या तेलकट कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या, गंजाचा डागही नव्हता. त्या तिने त्यांच्यापुढे ठेवल्या.

“अहो, गाडी पहिल्यासारखी उंच करून घेऊ? तुम्हाला उठवायला सोपं जाईल. गॅरेजवाल्यांना उचलता येईल. मला परत खाली हात घालायला नको.”

“हो,” ते म्हणाले, आणि मान आडवी हलवली.

“नको?”

“हो. हो.” पुन्हा मान आडवी. मग उभी. मग ते स्वतःच गोंधळले.

ताईने दोन कागद घेतले. एकावर खाली बसलेली गाडी काढली, दुसऱ्यावर उंच. “कोणती? बोट ठेवा.” त्यांनी डावा हात उचलला आणि दोन्ही कागदांवर सपाट ठेवला. तिने संध्याकाळी पुन्हा विचारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी उत्तर वेगळं. पुढच्या रविवारी मला म्हणाली, “तीसेक वर्षं ज्याने मला विचारल्याशिवाय खिळा ठोकला नाही, त्याची गाडी मी त्याला न विचारता बदलतेय.”

“विचारलंस की.”

“विचारलं. ऐकलं कुठे?”

वळणावरच्या गॅरेजात काम झालं. भाऊजींना आम्ही बरोबर नेलं होतं. मिस्त्रीने फळ्या घालून गाडी लिफ्टवर चढवली, आखूड स्प्रिंगा काढल्या, जुन्या घातल्या. भाऊजी पूर्ण वेळ बघत होते. मिस्त्री भला माणूस, मध्येमध्ये त्यांना विचारायचा, “बरोबर ना साहेब?” ते आखूड स्प्रिंगांकडेच बघत राहायचे. गाडी खाली उतरली तेव्हा ती चारचौघींसारखी होती, रस्त्यात दिसली तर कुणी वळून बघणार नाही अशी. मिस्त्रीने आखूड स्प्रिंगा एका पोत्यात घालून भाऊजींच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी डावा हात पोत्यात घातला आणि घरी येईपर्यंत बाहेर काढला नाही.

आता त्यांना गाडीत बसवायला आणि उतरवायला कुणाला हाक मारावी लागत नाही. ताईची पाठ दुखायची थांबली. त्यांचे थोडेफार शब्दही परतलेत. ताईला आता ते नावाने हाक मारतात, दहातल्या सहा वेळा. “नको” हा शब्द सापडलाय, “बस” सापडलाय. परवा मी गेले तेव्हा ताई त्यांची नखं कापत होती. तिने माझ्यासमोर त्यांना विचारलं, “गाडी उंच केली ते आवडलं का हो तुम्हाला? आता तरी सांगा.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, काहीतरी जुळवत होते. ताई नखं कापायची थांबली.

मग त्यांनी दुसरा हात पुढे केला, न हलणारा, डाव्या हाताने उचलून. ताईने तो घेतला आणि त्याची नखं कापायला लागली.